आगीचे बंब आणि त्यांची निगा

घर पेटल्यावर विहीर खणावयास धांवणाऱ्या माणसाचा दाखला भर्तृहरीनें देऊन शतकें लोटलीं, आणि तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची थट्टा आपल्याकडे अजूनही घरोघरीं ऐकूं येते. परंतु ज्यानें विहीर वेळींच खणून ठेविली आहे, जिच्यांत पाणीही भरपूर आहे, मात्र पोहऱ्याचा दोर कुजला आहे कीं काय हें ज्यानें वर्षभरांत एकदांही पाहिलेलें नाहीं, अशा गृहस्थासंबंधीं एखादी म्हण आमच्या ऐकिवांत नाहीं. पहिल्यास लोक मूर्ख म्हणतात, दुसऱ्यास दूरदर्शी म्हणतात. आग लागल्यावर मात्र दोघांचीं घरें सारखींच जळतात. आगीच्या बंबांचा इतिहास वाचीत असतां आम्हांस ह्या दुसऱ्या गृहस्थाची आठवण वारंवार झाली, आणि त्याच्याविषयीं चार शब्द लिहावेत असें वाटलें.

हा इतिहास बहुतेक ठिकाणीं शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम बादल्या, मग हातपंप, मग नळी, मग वाफ, मग पेट्रोल, अशी एक सरळ चढती पायरी दाखविली कीं कथा संपते. ही पायरी खोटी नाहीं. परंतु प्रत्येक पायरीबरोबर एक नवें नित्यकर्म माणसाच्या गळ्यांत पडलें, आणि ज्या गांवानें यंत्र विकत घेतलें पण तें नित्यकर्म स्वीकारलें नाहीं, त्याला त्याची किंमत पुढें द्यावी लागली, हा भाग सहसा कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें बंबाच्या इतिहासाचा खरा गाभा तोच आहे.

ह्याचें कारण बंबाच्या स्वभावांतच आहे. गिरणींतील माग, आगगाडीचें इंजिन, किंवा घरांतील शिवणयंत्र हीं रोज चालतात. त्यांत कांहीं बिघडलें तर तें त्याच दिवशीं खडखडाट करून कळवितात. बंब हा बहुतेक काळ उभा असतो. त्याचें काम वर्षांतून थोडे तास, पण त्या तासांत त्यानें थंड अवस्थेंतून उठून एकदम पूर्ण जोरानें चालावें अशी आपली अपेक्षा असते. चालतें यंत्र आपला दोष बोलून दाखवितें, उभें यंत्र तो लपवितें. नळीच्या घडींत पडलेली चीर, सुकून ताठ झालेला वॉशर, गंजानें धरलेली झडप, ह्यांपैकीं कांहींही बाहेरून दिसत नाहीं. वरचा तांबडा रंग आणि लखलखीत पितळ ह्यांच्याकडे पाहून बंबाची परीक्षा करणें म्हणजे अंगरखा पाहून नाडीपरीक्षा करण्यासारखें आहे. बंब खरोखर चालतो कीं नाहीं हें तो चालवूनच समजतें.

प्राचीनांना हें ठाऊक होतें असें दिसतें. दट्ट्याच्या दाबानें पाणी फेंकणारा पंप इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस ह्यानें सिद्ध केला, आणि त्याच नगरांतील हेरॉन ह्यानें पुढें आगीवर चालावयाच्या जोडनळकांड्यांच्या पंपाचें वर्णन लिहून ठेविलें. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट रोममध्यें घडली. ऑगस्टस बादशहानें इ. स. ६ मध्यें शहराच्या चौदा विभागांसाठीं सात तुकड्यांचें रात्रपहाऱ्याचें व अग्निशमनाचें दल उभें केलें, आणि त्यांत ‘सिफोनारियस’ नांवाचा एक स्वतंत्र हुद्दा ठेविला. पंप सांभाळणें व चालविणें हें ह्या माणसाचें काम. ज्या राज्यानें यंत्राबरोबर यंत्राचा माणूसही नेमला, त्या राज्यास यंत्राचा अर्थ कळला होता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रोमन साम्राज्य मोडल्यावर ही विद्या युरोपांत जवळजवळ विसरली गेली. १६६६ च्या सप्टेंबरांत लंडन शहर चार दिवस जळत राहिलें, तेव्हां तेथें मुख्य साधनें म्हणजे चामड्याच्या बादल्या, घरें पाडावयाचे लांब आकडे, पितळी पिचकाऱ्या व थोडे अवजड हातबंब एवढींच होतीं. लंडन पुलाखालीं टेम्स नदीच्या प्रवाहावर फिरून शहरास पाणी चढविणारीं चाकें पहिल्याच सकाळीं जळून गेलीं. रस्त्याखालील लांकडी नळ लोकांनीं घाईघाईनें फोडले, आणि त्यामुळें जें थोडें पाणी होतें तेंही वाटेंतच सांडलें. तेरा हजारांवर घरें व सत्त्याऐंशी चर्चें ह्या आगींत गेलीं. एवढा धडा मिळाल्यावर इंग्लंडनें बंब जमविण्याचा निश्चय केला, आणि १७०८ च्या कायद्यानें लंडनमधील प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या विभागानें, आपला बंब व चामड्याची नळी ठेवावी असें ठरविलें. आगीच्या जागीं पहिल्यानें पोंचणाऱ्या बंबास ३० शिलिंग, दुसऱ्यास २० व तिसऱ्यास १० असें बक्षीसही लाविलें.

कायदा उत्तम, बक्षीस उत्तम. पण बंब कोणी तपासावयाचा, आठवड्यांतून एकदां तरी त्यांत पाणी भरून दांडे कोणी हालवावयाचे, ह्याचा भार नीटसा कोणाच्याच डोक्यावर नव्हता. पॅरिशचा शिपाई हाच त्या बंबाचाही अधिकारी! बंब चर्चच्या एका कोपऱ्यांत वर्षानुवर्षें पडून राही. ह्याचा परिणाम काय झाला, तें चार्ल्स डिकन्सनें १८३६ साली ‘स्केचेस बाय बॉझ’ ह्या आपल्या पहिल्या पुस्तकांत हंसत हंसत सांगितलें आहे. त्याच्या कथनांत पॅरिशचा बंब मोठ्या थाटानें आगीवर येतो, अठरा पोरें व एक माणूस वीस मिनिटें दांडे मारतात, आणि मग असें उघडकीस येतें कीं बंबांत पाणी कसें भरावयाचें हेंच तेथें कोणास ठाऊक नाहीं. डिकन्सचें चित्र विनोदाचें आहे, पण त्या विनोदास शंभराहून अधिक वर्षांच्या दुर्लक्षाचा आधार होता.

ह्याच्या अगदीं उलट चित्र हॉलंडांत दिसतें. यान व्हान दर हेडन हा आम्स्टरडॅमचा नामांकित चित्रकार. शहराच्या इमारतींचीं चित्रें काढण्यांत त्याचा हात कोणी धरूं शकत नसे. १६५२ मध्यें त्या शहराचें जुनें नगरगृह जळतांना त्यानें पोरवयांत पाहिलें होतें. १६७२ च्या सुमारास त्यानें आपल्या भावाच्या साह्यानें शिवलेल्या चामड्याची लवचिक नळी तयार केली आणि पितळी जोडांनीं एक तुकडा दुसऱ्यास जोडण्याची सोय केली. तोंवर बंबाची चोंच बंबालाच घट्ट बसविलेली असे, म्हणून पाणी लांबून ज्वाळांवर उडवावें लागे आणि बरेंचसें भिंतीवर वायां जाई. नळी आल्यावर माणूस पाणी घेऊन घरांत शिरूं लागला. ह्या शोधाचें माहात्म्य सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस विशेष वाटतो तो पुढचा भाग. शहरानें ह्या दोघां बंधूंसच बंबांचे अधीक्षक नेमिलें, म्हणजे ज्यांनीं यंत्र शोधलें त्यांच्याच हातीं तें राखण्याचें काम दिलें. १६९० मध्यें चित्रकार महाशयांनीं बंबांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जुन्या व नव्या बंबांच्या काळांतील आगींच्या नुकसानीची तुलना मांडून दाखविली. शोधक, रखवालदार व हिशेबनीस हीं तिन्ही कामें एकाच पुरुषानें केल्याचा हा दाखला दुर्मिळ होय.

नळी मिळाली, पण तिच्याबरोबर तिची सेवाही आली. चामडें कोरडें पडलें तर तडकतें, ओलें राहिलें तर कुजतें. म्हणून प्रत्येक आगीनंतर नळी धुवावी, टांगून वाळवावी व तिला तेल-चरबीचें वंगण चोळावें हा क्रम लागला. शिवण उसवूं लागली तेव्हां १८०८ च्या सुमारास फिलाडेल्फियांत तांब्याच्या रिव्हेटांनीं जोडलेली नळी निघाली. पुढें कापडी नळ्या आल्या. त्या हलक्या खऱ्या, पण ओलसर घडी करून ठेविल्या कीं बुरशी धरीत. जुन्या अग्निशामक ठाण्यांवर जो उंच मनोरा दिसतो, तो पुष्कळांस केवळ टेहळणीसाठीं बांधला आहे असें वाटतें. त्यांतील कित्येक मनोरे नळ्या उभ्या टांगून वाळविण्यासाठींच होते. एका वस्तूच्या निगेसाठीं इमारतीचा आकार बदलावा, ह्यावरून त्या निगेचें महत्त्व वाचकांच्या ध्यानांत येईल.

निगेस शिस्तीचें रूप दिलें तें स्कॉटलंडांतील जेम्स ब्रेडवुड ह्यानें. १८२४ मध्यें एडिंबरो शहरानें आपलें दल उभारलें, तेव्हां हा प्रमुख अवघा चोवीस वर्षांचा होता. त्यानें गवंडी, सुतार, कौलारू, नळकाम करणारे असे हातचे कारागीर निवडले, आणि त्यांची कवाईत पहाटेच्या अंधारांत घेण्याची वहिवाट पाडली. कारण आग उजेडाची वाट पाहात नाहीं. त्याचें १८३० मधील पुस्तक वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटतें, तें त्यांतील यंत्राच्या बारीकसारीक तपशिलाचें. १८३३ मध्यें लंडनच्या दहा विमा कंपन्यांनीं आपले बंब एकत्र करून सुमारें ऐंशी माणसांचें दल त्याच्या हातीं दिलें, आणि त्यानें तेंही कसास लाविलें. १८६१ च्या जूनमध्यें टूली स्ट्रीटच्या वखारींच्या आगींत एक भिंत अंगावर कोसळून हा पुरुष कामावरच मरण पावला. त्या वखारींत आग अडविण्यासाठीं लोखंडी दारें बसविलेलीं होतीं. तीं उघडीं राहिलीं होतीं असें सांगतात. साधन होतें, पण तें लावून घेण्याचें काम त्या दिवशीं कोणी केलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

वाफेचा बंब ह्याच काळांतला. ब्रेथवेट व एरिक्सन ह्यांनीं तो १८२९ मध्यें लंडनांत बनविला, आणि पुढच्याच हिवाळ्यांत आर्गाइल रूम्सच्या आगीवर कडक थंडीमुळें हातबंब गोठत असतां तो पांच तास सारखा चालला. तरीही लंडननें तो स्वीकारला नाहीं. खुद्द ब्रेडवुडचेंही मत प्रतिकूल होतें. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरानें १८५३ मध्यें पगारी माणसें व वाफेचे बंब ह्यांचें दल उभें केलें, आणि लंडनांत वाफ आली ती १८६० मध्यें. ह्या विलंबास जुन्याचा अभिमान हें एक कारण असेल. पण दुसरें असें कीं वाफेचा बंब हा नुसता पंप नव्हे, तो एक संसार होता. बॉयलरमधील पाणी रात्रंदिवस कोमट ठेवावें, म्हणजे हांक येतांच वाफ लवकर धरे; घोडे दाण्यापाण्यानें तयार ठेवावे; त्यांचे पट्टे छतास टांगून असे ठेवावे कीं घोडा खालीं येऊन उभा राहिला कीं ते अंगावर पडावे. हातबंबास वीस-तीस माणसांचे दंड लागत व ते रस्त्यावर भाड्यानें मिळत. वाफेच्या बंबास थोडीं पण जाणतीं माणसें लागत, आणि तीं भाड्यानें मिळत नसत. म्हणून जेथें वाफ आली तेथें पगारी नोकर आले. यंत्र सुधारलें म्हणून माणसाचें काम कमी झालें असें वरवर दिसलें, तरी वस्तुतः तें आगीच्या घटकेवरून रोजच्या दिवसांवर सरकलें.

पेट्रोलचें इंजिन पंपासही फिरवितें असा मेरीवेदर कंपनीचा बंब इंग्लंडांत फिंचली येथें १९०४ मध्यें दाखल झाला, आणि १९२१ पर्यंत लंडनच्या दलांतील घोडे निवृत्त झाले. परंतु ज्या वर्षीं फिंचलीस हा नवा बंब आला, त्याच वर्षीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें जो अनुभव घेतला, तो आमच्या विषयास सर्वांत जवळचा आहे.

१९०४ च्या ७ फेब्रुवारीस, रविवारीं सकाळीं, बाल्टिमोरच्या व्यापारी पेठेंत आग लागली. ती हाताबाहेर जातां पाहून शेजारच्या शहरांस तारा गेल्या. वॉशिंग्टनचे बंब त्याच दिवशीं आगगाडीनें आले. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि इतरही ठिकाणांहून मदत आली. माणसें धीट होतीं, बंब चांगले होते, रस्त्यावरील नळांत पाणी होतें. पण पाहुण्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळांस बसेनात. कोणाच्या जोडाचा व्यास वेगळा, कोणाच्या स्क्रूचे आटे कमी, कोणाचे जास्त. प्रत्येक गांवानें आपापल्या कारागिराकडून आपापल्या मनाप्रमाणें जोड करवून घेतलेले. आपल्या गांवांत ते उत्तम चालत, म्हणून दुसऱ्याच्या नळास ते लागतील काय हा प्रश्न कोणी कधीं विचारला नव्हता. तीस तासांवर आग चालली, आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. शेवटीं जोन्स फॉल्स नांवाच्या प्रवाहाच्या कांठीं बंबांची फळी उभारून ती अडविली. हें ठिकाण बोलकें आहे. वाहत्या पाण्यांत बंब आपली स्वतःची नळी सोडून पाणी खेंचूं शकतो. तेथें दुसऱ्याच्या आट्यांशीं जुळवून घ्यावें लागत नाहीं.

आगीनंतर चौकशी झाली तेव्हां देशांत नळ्यांच्या जोडांचे सहाशेंवर प्रकार असल्याचें दिसून आलें. १९०५ मध्यें अडीच इंची नळीच्या जोडास इंचामागें साडेसात आटे असें राष्ट्रीय प्रमाण ठरलें. येथें कथा संपली असती तर बरें होतें. परंतु शंभर वर्षांनीं, २००४ मध्यें, अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें पाहणी केली, तेव्हां सर्वांत मोठ्या ४८ शहरांपैकीं अवघ्या १८ शहरांत हें प्रमाण लागू झालेलें आढळलें. बाकीच्यांचे जुने नळ आपापल्या जागीं ठीक चालत होते, मग हजारों नळांची तोंडें बदलण्याचा खर्च कोण करणार? शहाणपण सुचण्यास एक रात्र पुरली. तें अंमलांत आणण्यास एक शतकही अपुरें पडलें. ब्रिटनसही हा धडा बाँबवर्षावाखालीं शिकावा लागला. तेथें गांवोगांवचीं स्वतंत्र दलें दीड हजारांच्या आसपास होतीं, त्यांची साधनें व शब्दही निरनिराळे होते. १९४० च्या हिवाळ्यांत लंडन जळाल्यावर, १९४१ मध्यें तीं सर्व एका राष्ट्रीय दलांत गोंवण्यांत आलीं.

निगेनें सर्व कांहीं साधतें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या पोटांत कापसाच्या गांठींनीं पेट घेतला. त्याच जहाजांत शेंकडों टन स्फोटक द्रव्यही होतें. नऊशें टनांवर पाणी जहाजांत ओतलें गेलें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. ज्या मालाचा शेजार मुळांतच होऊं द्यावयाचा नव्हता, त्याच्यापुढें कोणताही पंप पुरा पडला नसता. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं पुष्पचक्रें वाहिलीं जातात, तीं योग्यच आहेत. पण जे आगीसमोर उभे राहतात त्यांच्या हातीं दिलेलें साधन दगा देणार नाहीं एवढी हमी त्यांस मिळणें, हें त्यांचें अधिक खरें स्मारक होय असें आम्हांस वाटतें.

ही हमी कशी मिळते तें एका साध्या उदाहरणानें सांगतों. बंब तळ्यांतून पाणी खेंचतो म्हणजे काय होतें? पंप नळींतील हवा काढून टाकितो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्यास फार तर दहा मीटर चढवूं शकतो. व्यवहारांत सात-साडेसात मीटर म्हणजे पुष्कळ झालें. आतां नळीच्या जोडांतील रबरी वॉशर सुकला असेल तर तेथून हवा आंत शिरते, आणि शंभर घोड्यांच्या शक्तीचें इंजिनही पाणी वर आणूं शकत नाहीं. लाखों रुपयांचा बंब आणि कांहीं रुपयांचा वॉशर, ह्यांत आगीच्या वेळीं वॉशर वरचढ ठरतो. म्हणून जाणतीं दलें पहाऱ्याच्या प्रत्येक पाळीस बंब तपासतात. पंप चालवून पाहतात. खारें पाणी वापरलें तर तो गोड्या पाण्यानें धुतात. शिड्यांच्या पायऱ्या हातानें चाचपतात. नळ्या दाबाखालीं घालून परीक्षितात. आपल्या देशानें नळीच्या जोडांचें एक प्रमाण ठरविलें आहे. त्यांतील ६३ मिलीमीटरचा झटक्यानें बसणारा जोड म्हणजे त्या जुन्या अडीच इंचांचेंच मेट्रिक रूप आहे. एका गांवचा बंब दुसऱ्या गांवच्या हांकेस जाऊन उपयोगीं पडतो, तो अशा अबोल कराराच्या बळावर.

नवें यंत्र घेणें हा समारंभ आहे. त्यास हार घालतां येतो, त्याचें छायाचित्र छापतां येतें. वॉशर बदलणें हा समारंभ नव्हे. म्हणून लोकांचा पैसा पहिल्याकडे सहज वाहतो आणि दुसऱ्यासाठीं मागून मागून मिळवावा लागतो. नवें घेऊं नये असें कोणी म्हणणार नाहीं. उंच इमारतींच्या शहरास उंच शिडी हवीच. पण नवा बंब घेतांना, त्याला लागणारीं माणसें, सुटे भाग व तपासणीचे तास हे त्याच कागदावर मांडले पाहिजेत. नाहींतर आपण १७०८ च्या कायद्यापुढें एक पाऊलही गेलों नाहीं असें होईल.

आणि हा उपदेश केवळ नगरपालिकांस नाहीं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें इमारतींतील आगनिवारक साधनें चालू स्थितींत ठेवण्याचा भार मालक व रहिवासी ह्यांच्यावर टाकिला आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, तसें प्रमाणपत्र घेण्याचें बंधन घातलें आहे. म्हणजे पॅरिशचा बंब आतां आपल्याच जिन्यांत येऊन उभा राहिला आहे. कोपऱ्यांतील तांबडें नळकांडें, भिंतींतील पेटींत गुंडाळलेली नळी, गच्चीवरील टांकी व तळमजल्यावरचा पंप, हें सर्व उभ्या यंत्रांचेंच कुटुंब. आपला दोष तें आपण होऊन कधींच सांगणार नाहीं. प्रमाणपत्रावर सही झाली कीं नाहीं हें सहकारी सोसायटीच्या सभेंत कोणी तरी विचारतें. ती नळी उलगडून तींतून खरोखर पाणी सोडून पाहिलें काय, हा प्रश्न विचारणारा एक जरी सभासद प्रत्येक इमारतींत निघाला, तरी त्या घरांतील लेंकरांची झोंप अधिक निर्धास्त होईल.